नासी लमाक घरच्या घरी: नारळाच्या दुधातला मोकळा भात आणि तेल सुटेपर्यंत परतलेलं साम्बाल

मलेशियात सकाळी रस्त्याकडेच्या टेबलांवर केळीच्या पानात बांधलेल्या पुड्यांची चळत लागलेली असते. पुडी सोडली की आत मूठभर पांढरा भात, त्याच्या अंगाला गडद लाल साम्बाल म्हणजे मिरचीची परतलेली चटणी, कुरकुरीत तळलेली चिमुकली सुकी मासळी, शेंगदाणे, उकडलेल्या अंड्याची फोड आणि काकडीच्या दोन चकत्या. हे नासी लमाक. ‘नासी’ म्हणजे भात आणि ‘लमाक’ म्हणजे स्निग्ध, नारळाच्या दुधाने येतो तसा. मलेशिया, सिंगापूर आणि आसपासच्या मलय मुलखात हा न्याहारीचा पदार्थ आहे, पण दुपारी आणि रात्रीही तितक्याच आवडीने खाल्ला जातो. मलेशियाची न्याहारीची संस्कृती युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, त्यात रोटी चनाई ही पापुद्र्यांची रोटी आणि तेह तारिक हा दुधाळ चहा यांच्या जोडीला नासी लमाकही आहे.

ताटात पाच-सहा पदार्थ दिसत असले तरी खरं कसब दोनच ठिकाणी लागतं: भातात आणि साम्बालात. घरी केलेलं नासी लमाक फसतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. भातात नारळाचं दूध जास्त होतं आणि साम्बालाला वेळ कमी मिळतो. या लेखाचा बराचसा भाग म्हणूनच साम्बालाला दिला आहे. खालची मापं चौघांसाठी आहेत. साम्बाल मात्र मुद्दाम दुप्पट धरलं आहे, कारण थोडं साम्बाल करायलाही तेवढाच वेळ लागतो आणि उरलेलं फ्रीजमध्ये छान राहतं.

आधी सामानाबद्दल

साम्बालासाठी:
सुक्या लाल मिरच्या ३० ग्रॅम (ब्याडगी घेतली तर साधारण ३० ते ३५), शिवाय तिखटपणासाठी ५ संकेश्वरी किंवा गुंटूर
छोटे सांबार कांदे २०० ग्रॅम (सोलल्यावर)
लसूण ५ मोठ्या पाकळ्या
सुकी मासळी (इकान बिलिस) २० ग्रॅम
बलाचान १२ ग्रॅम, म्हणजे सपाट २ चमचे
चिंच ३० ग्रॅम, १२० मिलि कोमट पाण्यात भिजवून काढलेला कोळ
गुला मलाका किंवा माडाचा गूळ ५० ग्रॅम
मोठा लाल कांदा १, जाड चकत्या करून
तेल १५० मिलि
मीठ शेवटी, चव घेऊन

भातासाठी:
तांदूळ ४०० ग्रॅम
नारळाचं जाड दूध २४० मिलि
पातळ दूध किंवा पाणी (प्रमाण पुढे)
पांदानची ३ पानं
आल्याचे ३ पातळ काप, २ छोटे कांदे चिरून
मीठ सव्वा चमचा

वरून: सुकी मासळी ८० ग्रॅम, सालासकट कच्चे शेंगदाणे १०० ग्रॅम, अंडी ४, काकडी १.

यातल्या काही वस्तूंबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं.

बलाचान म्हणजे जवळ्याच्या जातीची बारीक कोळंबी मीठ घालून आंबवून, कुटून, उन्हात वाळवून केलेली घट्ट तपकिरी वडी. कच्च्या वडीला उग्र वास येतो. गोव्यातल्या बाल्शांव या कोळंबीच्या तिखट-आंबट पदार्थाचं नाव याच बलाचानशी जोडलं जातं, त्यामुळे कोकण-गोव्याच्या स्वयंपाकघराला हा वास अगदीच परका नाही. बलाचान मिळालं नाही तर १५ ग्रॅम सुका जवळा तव्यावर कोरडा भाजून त्याची पूड करा आणि साम्बालात एक चमचा फिश सॉस घाला. चव जवळपास येते. आंबवल्याने येणारी खोली मात्र जवळ्यात नसते, कारण तो नुसता वाळवलेला असतो.

इकान बिलिस ही बोटाच्या दोन पेरांएवढी, चंदेरी, खारवून वाळवलेली मासळी. डोकं आणि पोट काढून उभी दुभागलेली मिळाली तर तीच घ्या, कारण कडवटपणा पोटातूनच येतो. अख्खी असेल तर डोकं मोडताना आतला काळा धागाही ओढून काढा. आपल्याकडे सुकी लहान मांदेली चालते. ती जरा मोठी आणि जास्त काटेरी असते, म्हणून डोकं-शेपूट काढून दोन तुकडे करावेत.

पांदान म्हणजे आपल्या अंगणातली आणि कुंडीतली अन्नपूर्णा, जिचं पान भातात टाकलं की बासमतीसारखा वास येतो. हा वास खरोखर तोच असतो, कारण बासमतीतला आणि पांदानमधला मुख्य सुगंधी घटक एकच आहे. ताजं पान दोन तळव्यांत चुरगाळून त्याची गाठ मारायची. चुरगाळल्याने वास सुटतो आणि गाठीमुळे शिजल्यावर पान उचलून काढता येतं. वाळलेल्या पानात फारसा वास उरत नाही. फ्रीझरमध्ये ठेवलेलं मात्र चालतं. बाटलीतला हिरवा अर्क टाळा. भात हिरवा होतो आणि वास नकली येतो.

तांदूळ बासमती नको. त्याचा दाणा लांब आणि कोरडा राहतो, नारळाचं दूध त्याला धरत नाही. आंबेमोहोर दुसऱ्या टोकाचा, स्निग्ध दुधात तो लवकर गिचका होतो. थाई जास्मिन उत्तम. तो नसेल तर जुना सुरती कोलम.

गुला मलाका हा माडाच्या रसाचा गूळ, मलाका शहराच्या नावावरून ओळखला जाणारा. गोव्यात आणि कोकणात मिळणारा माडाचा गूळ त्याचा सख्खा भाऊ आहे. उसाचा गूळ घेतलात तर ४० ग्रॅम पुरे, तो जास्त गोड लागतो.

साम्बाल, शक्यतो आदल्या दिवशी

मिरच्यांचे देठ काढा, कात्रीने दोन-दोन इंचांचे तुकडे करा आणि चाळणीत हलवून बहुतेक बिया झाडून टाका. बिया वाटल्या की साम्बाल रवाळ होतं, आणि इतका वेळ परतल्यावर त्यांचा कडवटपणा उतरतो. तुकडे उकळत्या पाण्यात ५ मिनिटं शिजवा, गॅस बंद करून आणखी २० मिनिटं झाकून ठेवा. मिरचीची साल चिमटीत सहज फाटली म्हणजे भिजली. मग ते पाणी ओतून द्या. लाल दिसतं म्हणून वाटणात घालायचा मोह होतो, पण त्यात मिरचीचा तुरटपणा आणि धूळ उतरलेली असते. मिरच्या एकदा स्वच्छ पाण्यातून काढून मिक्सरमध्ये चार-पाच चमचे ताजं पाणी घालून अगदी मऊ वाटा. बोटांमध्ये चोळून बघा. सालीचे तुकडे लागत असतील तर पुन्हा फिरवा. ते नंतर कितीही परतलं तरी विरघळत नाहीत, दातांत येतात.

मलेशियात हे नुसत्या मिरचीचं वाटण बाजारात तयार मिळतं. तिथे विकली जाणारी पुष्कळ सुकी मिरची भारतातूनच जाते, तेव्हा आपल्या मिरचीने चव बिघडेल ही शंका मनात ठेवू नका. ब्याडगीने रंग येतो आणि तिखटपणा ताब्यात राहतो. नासी लमाकचं साम्बाल जाळणारं नसतं. ते आधी गोडसर, मग आंबट आणि शेवटी तिखट लागायला हवं.

बलाचानची वडी पातळ चपटी करून फॉइलमध्ये गुंडाळा आणि तव्यावर मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी ३-३ मिनिटं भाजा. खिडक्या उघड्या ठेवा, घरभर वास जातो. भाजून झाल्यावर वडी कोरडी होऊन बोटाने चुरली जाते आणि उग्र वासाच्या जागी भाजलेल्या सुक्या कोळंबीचा खमंग वास येतो. हे टाळून कच्चं बलाचान वाटणात टाकलं तर तो पहिला वास साम्बालात शेवटपर्यंत मागे राहतो.

छोटे कांदे, लसूण, भाजलेलं बलाचान आणि धुऊन घेतलेली २० ग्रॅम सुकी मासळी एकत्र वाटा. हे वाटण मिरचीपासून वेगळं ठेवायचं, कारण दोन्ही कढईत वेगवेगळ्या वेळी पडतात.

आता कढई. जाड बुडाची, पसरट. तेल १५० मिलि वाचून दचकायला होतं, पण ते सगळं पोटात जात नाही. परतून झाल्यावर वर आलेलं बरंच तेल काढून ठेवता येतं. सुरुवातीला तेल कमी असेल तर वाटण तळलं न जाता बुडाला लागतं आणि आतून कच्चं असतानाच करपतं. साम्बाल फसण्याचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण आहे.

तेल मध्यम तापलं की आधी कांद्याचं वाटण. ६-७ मिनिटांत त्यातलं पाणी उडतं, कच्च्या कांद्याचा वास जातो आणि कडा सोनेरी दिसू लागतात. मग मिरचीचं वाटण घाला आणि आच मंद करा. इथून पुढची २५ ते ३० मिनिटं कढईपाशीच थांबायचं आहे.

या अर्ध्या तासात काय होतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. पहिली आठ-दहा मिनिटं वाटण नुसतं रटरटतं. मोठे बुडबुडे फुटून शिंतोडे उडतात, रंग भडक शेंदरी असतो आणि वाफ नाकात झोंबून ठसका लागतो. अजून पाणी आहे, आणि पाणी आहे तोवर कढईतलं तापमान उकळत्या पाण्याच्या वर फारसं जात नाही. म्हणजे मिरची उकडते आहे, तळली जात नाही. मग बुडबुडे हळूहळू बारीक होतात, आवाज रटरटण्यावरून चरचरण्यावर येतो, झारा ओढला की मागे कढईचं बूड क्षणभर दिसतं. रंग शेंदरीवरून विटकरी आणि विटकरीवरून मरून होतो. शेवटी वाटण एकजीव गोळ्यासारखं सरकतं आणि त्याच्या भोवती लालभडक पारदर्शक तेलाची कड उभी राहते. मलयमध्ये याला ‘पचाह मिन्याक’ म्हणतात, शब्दशः ‘तेल फुटणं’. आपण रश्श्याला तेल सुटलं म्हणतो तेच हे. या क्षणी ठसका थांबलेला असतो आणि वास गोडसर येतो. घड्याळापेक्षा या वासावर विश्वास ठेवा.

मिरची नीट परतली नाही तर पोट दुखतं, असं मलय घरांत सांगतात. चवीपुरतं बोलायचं तर अर्धवट परतलेलं साम्बाल जिभेवर कच्चट, तुरट आणि नुसतं तिखट लागतं. मग ते झाकायला साखर घालत राहतो आणि सगळंच बिघडतं.

तेल सुटल्यावर चिंचेचा कोळ आणि किसलेला गूळ घाला. गूळ याच्या आधी घालू नका, मोठ्या आचेवर तो जळून कडू होतो. कोळामुळे वाटण पुन्हा सैल होईल. घाबरायचं नाही, मंद आचेवर १० मिनिटं शिजवत राहा. मग कांद्याच्या जाड चकत्या टाका आणि त्या मऊ होईपर्यंत, पण विरघळायच्या आत, आणखी ७-८ मिनिटं ठेवा. दुसऱ्यांदा तेल सुटलं की झालं. मीठ आता. बलाचान आणि मासळी दोन्ही खारट असतात, त्यामुळे कधी अर्धा चमचा लागतं, कधी अजिबात लागत नाही. गरम साम्बालाची चव फसवी असते. एक चमचा बशीत काढून गार करा आणि मग ठरवा. ते भाताशिवाय खाल्लं तर जरा जास्त गोड आणि जास्त खारट वाटायला हवं, कारण भात त्याला निम्म्यावर आणतो.

चव चुकलीच तर काय करायचं? कडू लागलं तर लसूण किंवा तळ करपलेला असतो. त्यावर उपाय नाही, तळ न खरवडता वरचं साम्बाल दुसऱ्या भांड्यात काढा. फार तिखट झालं तर आणखी दोन-तीन मोठे कांदे वेगळ्या कढईत मऊ परतून त्यात मिसळा आणि थोडा गूळ वाढवा. नारळाचं दूध घालून तिखटपणा मारायचा प्रयत्न करू नका, त्याने ते दुसराच पदार्थ होतं आणि टिकतही नाही. फार घट्ट झालं तर गरम पाण्याचा हबका देऊन पुन्हा तेल सुटेपर्यंत ठेवा. झाऱ्यावरून हळूच घसरावं इतकं ते सैल हवं.

आदल्या दिवशी केलेलं साम्बाल दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, आंबट-गोड-तिखट एकमेकांत मुरलेलं असतं.

भात

एका मध्यम, तपकिरी, हलवल्यावर खळखळणाऱ्या नारळाचा चव पाऊण कप कोमट पाण्यासोबत मिक्सरमधून काढून फडक्यात पिळला की जाड दूध साधारण एक कप निघतं. तोच चोथा आणखी दीड कप पाण्यात फिरवून पिळला की पातळ दूध. कोवळ्या नारळाला दूध कमी येतं आणि ते गोड लागतं, तो घेऊ नका. डब्यातलं दूध वापरत असाल तर फक्त नारळ आणि पाणी असलेलं, साखर नसलेलं घ्या.

सगळं द्रव म्हणून जाडच दूध घालायचा मोह होतो, पण तो आवरावा. जाड दुधात पाचव्या हिश्शाच्या आसपास चरबी असते, म्हणजे एक कप दुधात एक कप पाणी नसतंच. दाणा फुलायला पाणी लागतं, चरबी नाही. नुसत्या जाड दुधात भात टाकला की तळ लागतो, वर तेलाचा तवंग येतो आणि मधला दाणा कडक राहतो. ४०० ग्रॅम तांदळाला २४० मिलि जाड दूध पुरतं, बाकीचं पातळ दूध किंवा पाणी.

तांदूळ तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवा आणि चाळणीत १० मिनिटं निथळा. न निथळता घातला तर पाण्याचा हिशोब चुकतो.

एकूण द्रव (जाड दूध धरून) जास्मिनला ५०० मिलि, जुन्या कोलमला ६५० मिलि. ज्यांच्याकडे राइस कुकर आहे त्यांनी तांदूळ, दूध, पाणी, मीठ, आलं, कांदा आणि पांदानची गाठ एकत्र करून नीट ढवळावं आणि मगच झाकावं. मीठ आणि दूध तळाशी सारखं पसरलं पाहिजे. पाच मिनिटांनी एकदा झाकण उघडून तळापासून हलकेच हलवा, नाहीतर जाड दूध वर तरंगतं.

आपला शिट्टीचा कुकर वापरायचा असेल तर भात थेट कुकरमध्ये लावू नका. नारळाचं दूध फेसाळून शिट्टीत चढतं आणि तळ हमखास जळतो. कुकरमध्ये पाणी घालून भाताचा डबा आत ठेवा, डबा अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. कोलमला द्रव इथे ६०० मिलि पुरे, कारण वाफ बाहेर फार जात नाही. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या, मग ५ मिनिटं मंद. दाब आपोआप उतरू द्या. झाकण उघडल्यावर वर दुधाचा दाटसर थर दिसेल, ते बिघडलेलं नाही. काट्याने किंवा लाकडी उलथन्याने कडेपासून आत असा भात उलटा-सुलटा करा, थर दाण्यांत मिसळतो. मग पुन्हा झाकून १० मिनिटं. या दहा मिनिटांत दाणा दूध पिऊन मोकळा होतो. वाट न बघता वाढलेला भात चिकट वाटतो आणि दोष उगीच तांदळाला जातो.

सर्वांत सुंदर भात मात्र वाफेवर होतो, आणि त्यासाठी आपलं मोदकपात्र अगदी योग्य आहे. तांदूळ दोन तास भिजवून निथळा, जाळीवर ओलं फडकं घालून पसरा, मध्ये पांदानची गाठ ठेवा आणि २० मिनिटं वाफवा. दाणा आतून जरासा कडक असतानाच मोठ्या पातेल्यात काढून कोमट केलेलं ३०० मिलि नारळाचं दूध (२०० जाड, १०० पातळ) आणि मीठ घाला, हलक्या हाताने मिसळा, १० मिनिटं झाका. दूध सगळं शोषलं गेलं की पुन्हा जाळीवर १५ मिनिटं. दूध उकळत नाही म्हणून फाटत नाही, तळाचा प्रश्नच येत नाही आणि प्रत्येक दाणा वेगळा, चमकदार राहतो. वेळ असेल त्या दिवशी हीच रीत करा.

नारळीभाताची सवय असलेल्या जिभेला एक सांगणं: यात साखर नाही, लवंग-वेलची नाही. मीठ स्पष्ट लागलं पाहिजे. अळणी राहिला की नारळाचा वास तुपकट वाटतो.

बाकीचं ताट

क्रम लक्षात ठेवा: आधी शेंगदाणे, मग मासळी. उलट केलंत तर शेंगदाण्यांना मासळीचा वास लागतो.

शेंगदाणे कोमट तेलातच टाकून मंद आचेवर तापवत न्या, ६-७ मिनिटं. अपेक्षित रंगाच्या एक छटा अलीकडेच काढा, ते बाहेर आल्यावरही आतल्या उष्णतेने लाल होत राहतात. मासळी पाण्यातून पटकन एकदा काढायची, भिजवायची नाही. मग फडक्यावर पसरून पंख्याखाली निदान तासभर वाळवा. ओली राहिली तर तेल उडतं आणि ती चिवट होते. मध्यम तापलेल्या तेलात ३-४ मिनिटं. फेस ओसरला आणि झाऱ्यात खुळखुळ आवाज आला की काढा. गार झाल्यावर दोन्ही एकत्र करून घट्ट डब्यात, आठवडाभर कुरकुरीत राहतात. मासळी तळलेलं तेल फेकू नका, पुढच्या साम्बालाला तेच वापरा.

अंडी उकळत्या पाण्यात ९ मिनिटं, मग लगेच गार पाण्यात. पिवळा बलक मधोमध किंचित ओलसर हवा, साम्बालाशी तो छान मिसळतो. घरी पुष्कळ जण उकडलेल्याऐवजी तळलेलं अंडं घेतात. मलयमध्ये त्याला ‘तलूर माता करबाऊ’ म्हणजे म्हशीच्या डोळ्याचं अंडं म्हणतात. कडा जाळीदार, बलक पातळ.

काकडी सालासकट, अर्धा सेंटिमीटर जाड. फार पातळ चकत्या भाताच्या उष्णतेने मलूल होतात. मलाकामध्ये काकडीच्या जोडीला कांगकुंग ही पालेभाजीही उकडून देतात.

शाकाहारी करायचं तर बलाचान आणि मासळीच्या जागी १५ ग्रॅम सुके शिताके मशरूम भिजवून वाटणात घाला आणि एक मोठा चमचा मिसो किंवा आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट टाका. कुरकुरीतपणासाठी शेंगदाणे वाढवा आणि टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) बारीक काड्या कापून खरपूस तळा.

पुडी बांधायची असेल तर

डब्याला किंवा प्रवासाला न्यायचं तर केळीच्या पानासारखं दुसरं काही नाही. गरम भाताला पानाचा वास लागतो तो ताटात वाढून मिळत नाही. पान मंद जाळावर फिरवा, हिरवा रंग गडद होऊन चमक येते आणि पान कापडासारखं वळतं. न शेकलेलं पान शिरेच्या रेषेत फाटतं. साधारण एक फूट लांबीचा तुकडा घ्या, बाहेरून कागद लावा.

भात वाफाळता नको, कोमट हवा. वाफाळता भरला तर आत पाणी सुटून तो लवकर आंबतो. वाटीभर भात, शेजारी दीड चमचा साम्बाल, त्यावर अर्धं अंडं. शेंगदाणे-मासळी साम्बालाला न लागता भाताच्या दुसऱ्या अंगाला, काकडी सगळ्यांत वर. पानाच्या दोन कडा जवळ आणून एकत्र दुमडा, उरलेली दोन टोकं खाली मुडपा. उन्हाळ्यात ही पुडी चार तासांच्या आत संपवावी. नारळाच्या दुधाचा भात साध्या भातापेक्षा फार लवकर उतरतो. पान उघडल्यावर आंबूस वास आला किंवा दाण्यांना तार धरली तर तो खाऊ नका.

भात उरला तर तासाभराच्या आत पसरून गार करून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून वाफवून घ्या. साम्बाल काचेच्या बाटलीत, वर तेलाचा थर राहील असं भरा. कोरडा चमचा वापरला तर फ्रीजमध्ये दोन आठवडे टिकतं. ठेवण्यासाठीच करत असाल तर कांद्याच्या चकत्या घालू नका, त्यांच्या पाण्याने ते लवकर खराब होतं. वापरताना हवं तेवढं साम्बाल तव्यावर गरम करून कांदा त्यात ताजा टाका. याच साम्बालात उकडून हलकी तळलेली अंडी पाच मिनिटं घोळवली की ‘साम्बाल तलूर’ होतं. साफ करून चकत्या केलेले माकूळ घातले तर ‘साम्बाल सोतोंग’. माकूळ मोठ्या आचेवर तीन मिनिटंच ठेवायचे. पाचव्या मिनिटाला ते रबरासारखे होतात.